एकोणीस नंबरचा बिल्ला

१

माझी बायको दर रविवारी दुपारी क्लबात वादन ऐकायला जाते आणि मी जात्याच संशयी आहे. दोन्ही गोष्टी लग्नाआधीपासूनच्या, त्यामुळे कुणी कुणाला फसवलं असं म्हणायला जागा नाही.

क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. जुन्या छापखान्याच्या इमारतीखाली एक तळघर आहे, चौदा पायऱ्या उतरून जायचं. छत इतकं खाली की उंच माणसाने हात वर केला तर बोटं टेकतात. भिंतींवर तिथे वाजवून गेलेल्यांचे फोटो आहेत, त्यातले निम्मे चेहरे पिवळे पडून पुसले गेलेत. समोर वीतभर उंचीचं लाकडी स्टेज, त्यावर एक काळा पियानो, आणि समोर बेचाळीस खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नंबराची पट्टी. माझे सासरे तिथले जुने सभासद. त्यांचा अठरा नंबर बायकोकडे आला, आणि लग्नानंतर शेजारचा एकोणीस रिकामा झाला तो तिने हट्टाने मला मिळवून दिला. माहेरून आणलेली हीच एक गोष्ट मी कधी मनापासून वापरली नाही.

तिथे एक पद्धत आहे. सभासदांना जिना एकच, तोही अरुंद, म्हणून बेचाळीसच्या वर माणूस आत घेत नाहीत. दाराशेजारी फळ्यावर खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला सभासदाच्या नंबराचा बिल्ला. एका बाजूने पितळी, दुसऱ्या बाजूने काळा रंगवलेला. आत जाताना पितळी बाजू समोर करायची, बाहेर पडताना काळी. दारावर बसणारे म्हातारे काका फळ्यावर एक नजर टाकून आत किती आणि कोण ते सांगतात. शेवटचा बिल्ला काळा झाल्याशिवाय ते कुलूप लावत नाहीत. बिल्ला न फिरवता कुणी निघून गेलं, असं तिथल्या कुणाच्या आठवणीत नाही.

मी शिंपी आहे, पुरुषांचे कोट शिवतो. खाली दुकान, वर घर. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. क्लबात मी पुढच्या रांगांतल्या पाठी बघत बसायचो. कोणाचं पोक निघालंय, कोणाचा कोट मानेपाशी उचलला जातो, कोणत्या शिंप्याने हात राखून कापड कापलंय, यात माझे दोन तास निघायचे. माणूस चेहरा लपवू शकतो, पाठ लपवायला शिंपी लागतो. माझाच डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. वडिलांनी मला कोटाच्या डाव्या बाजूला जास्तीचं पॅडिंग घालायला शिकवलं, आणि तेव्हापासून मी चारचौघांत कोट काढलेला नाही. कितीही उकडलं तरी नाही.

२

थंडीच्या दिवसांत क्लबात एक नवा क्लॅरिनेटवाला आला. काटकुळा, पुढचे केस गेलेले, पँट घोट्याच्या वर. त्यात बघण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण बायको त्याच्याकडे बघत होती. ओठ जरासे उघडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि मांडीवर तिची बोटं अगदी हळू हलत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याकडे बघताना तिचा असा चेहरा झालेला मी पाहिला नव्हता. मी क्लॅरिनेटवाल्याकडे बघत होतो, मग तिच्याकडे, मग परत त्याच्याकडे. कानांवर काही पडत असेल तर ते डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. माझा नुसता जळफळाट चालला होता.

शेवटी मला बसवेना. वादन ऐन रंगात असताना मी उठलो. पुढच्या दाराने गेलो असतो तर काकांनी कारण विचारलं असतं, आणि त्या क्षणी कुणाला तोंड दाखवायची माझी इच्छा नव्हती. स्टेजच्या बाजूला एक लोखंडी जिना आहे, वाद्यं वरखाली करायला वापरतात. त्या जिन्याने मी गल्लीत बाहेर पडलो. बिल्ल्याची मला आठवण होती. पण मनात म्हटलं, राहू दे पितळी, होऊ दे जरा शोधाशोध.

बायको तासाभराने घरी आली. मी भांडायची सगळी तयारी करून बसलो होतो. तिने चपला काढल्या, पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि म्हणाली, "दाराशी गर्दीत तुम्ही दिसला नाहीत, पुढे निघून आलात ते बरं केलंत. मला धाकट्या बहिणीकडे डोकवायचं होतं." मग ग्लास तोंडाला लावता लावता ती म्हणाली, "शेवटचं वाजलं तेव्हा तुमचे डोळे भरून आले. मी बघितलं हं."

मी तो टोमणा धरला. उठून गेल्याचा राग असा काढतेय, असं वाटलं, आणि मूग गिळून बसलो. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर मनात पाल चुकचुकली. टोमणा मारताना तिचा आवाज कसा लागतो ते मला चांगलं माहीत आहे, त्याची मला सवय आहे. हा आवाज तसा नव्हता. त्यात माया होती.

३

त्यानंतर मी क्लबात गेलो नाही. कामाचा ढीग पडलाय, असं सांगितलं. खरं म्हणजे तिने आग्रह करावा अशी माझी अपेक्षा होती. ती "बरं" म्हणाली आणि पदर सारखा करून निघून गेली. पुढच्या रविवारी तिने विचारलंही नाही.

आणि ती खुलत गेली. हे मी दुष्टाव्याने सांगत नाही, जे दिसलं ते सांगतो. भाजी निवडताना गुणगुणायला लागली. दुकानात मला डबा द्यायला आली की जरा टेकायची, उगाच हसायची. रविवारी दुपारपासून तर तिच्या अंगात वेगळाच हुरूप यायचा. क्लबात कुणी खोकलेलं चालत नाही, म्हणून ती रुमालाच्या गाठीत खोकल्याची एक गोळी बांधून नेते, हे मी सव्वीस वर्षं बघत आलोय. आता ती दोन बांधायला लागली. डबीतल्या गोळ्या मी रविवारी सकाळी मोजायचो आणि संध्याकाळी परत मोजायचो. या वयात आपण हे काय करतोय, याची मला लाज वाटत होती, तरीही मोजायचो.

पहिला संशय अर्थातच क्लॅरिनेटवाल्यावर. पण तो महिन्याभरात दुसऱ्या शहरी निघून गेला. ही बातमी बायकोनेच मला दिली, जेवताना, आमटी वाढता वाढता, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला वाटलं, सुटलो. त्या रविवारीही तिने दोन गोळ्या बांधल्या.

मग एक दिवस मेहुणी नवऱ्याची पँट आखूड करायला घेऊन दुकानात आली. ती काही क्लबाची सभासद नाही, पण आदल्या रविवारी मैत्रिणीच्या नंबरावर पाहुणी म्हणून गेली होती. पँट टेबलावर टाकत म्हणाली, "काय भाऊजी, रविवारी हाक मारली तर वळून बघितलं नाहीत. एवढे रमायला लागलात होय?"

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी हसून "हो ना" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मेहुणीसमोर आपल्याच बायकोची चौकशी करायची म्हणजे गावभर डांगोरा. ती मात्र बोलत सुटली. ताईच्या नशिबाने तुम्हाला उशिरा का होईना गोडी लागली, आमच्याकडे हे पहिल्या पाच मिनिटांत घोरतात, वगैरे. मी पँटेच्या तळाला खडूने खूण करत होतो, आणि ती खूण सरळ येत नव्हती.

ती गेल्यावर मी डोकं शांत ठेवून विचार केला. तळघरात उजेड कमी. तिने बहिणीला ओळखलं, शेजारच्या पुरुषाला तिचा नवरा समजली. माझ्यासारखी अंगलट असलेली माणसं शंभर सापडतील, मीच त्यांचे कोट शिवतो. म्हणजे अर्थ एवढाच, की माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसतंय, माझा बिल्ला फिरवून, माझ्या बायकोच्या शेजारी. तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगतो, त्या रागात एक दिलासाही होता. पुरुष असेल तर त्याची गचांडी धरता येते.

४

पुढच्या रविवारी ती गेल्यावर वीस मिनिटांनी मी कोट चढवून निघालो. रस्त्यावर ऊन होतं. छापखान्याच्या चौदा पायऱ्या उतरलो तेव्हा आतून पियानोचा आवाज येत होता, लोकरीचा जाड नमदा लावलेल्या दारामुळे दबलेला. काका स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"मास्तर, ही कसली थट्टा?" ते म्हणाले.

"थट्टा कसली काका? आत जायचंय."

"आत आहात तुम्ही."

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. अठरा पितळी, एकोणीस पितळी. बेचाळीसच्या बेचाळीस पितळी. मी म्हटलं, माझा बिल्ला दुसऱ्याच कुणीतरी फिरवलाय, तुमच्या डोळ्यांदेखत. यावर काका दुखावले. पंचेचाळीस वर्षं ते त्या स्टुलावर बसतात आणि माणूस ओळखायला चुकलेले नाहीत. तुम्ही बाईंबरोबर आलात, म्हणाले, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत, दर रविवारी करता, आणि आत गेलात. मी कधीही त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. त्यांचा गुडघा दुखतो हेच मला माहीत नव्हतं.

"मग तुमच्यासमोर हा कोण उभा आहे?" मी विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून बघतं तसं, सावकाश. मला वाटलं आता ते दचकतील, उठतील, दार उघडून आत बघतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि नजर वळवली.

"ते मला विचारू नका," ते म्हणाले. "त्या थंडीतल्या रविवारी रात्री कुलूप लावायला गेलो तर फळ्यावर एक बिल्ला पितळीच होता. मी आत हाक मारली. मग तुम्ही आलात बाहेर. फिरवलात आणि गेलात. माझा हिशेब चोख आहे. बसायचं तर त्या बाकावर बसा, पण आवाज नको."

मी बाकावर बसलो.

५

दाराला बशीएवढी गोल काच आहे. वादन कुठवर आलंय ते बघून काका उशिरा आलेल्यांना आत सोडतात, त्यासाठी. थोड्या वेळाने ते पाणी प्यायला पलीकडे गेले आणि मी काचेला डोळा लावला.

आतून पाठी दिसत होत्या. उकडत होतं म्हणून सगळ्यांनी कोट काढून खुर्च्यांवर टाकले होते. तिसऱ्या रांगेत बायकोचा अंबाडा मला लगेच सापडला. तिच्या शेजारी शर्टातला एक पुरुष बसला होता.

मी घाई केली नाही. घाबरलेला असलो तरी मी धंद्याने शिंपी आहे, आणि टेप न लावता पाठ मोजायला मला जास्त वेळ लागत नाही. मान, मानेखालचं हाड, खांद्याची रुंदी, कमरेपर्यंतची लांबी. स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही, पण माझी मापं माझ्या वहीत पहिल्या पानावर आहेत. मी एकेक जुळवत गेलो. एखादं तरी चुकेल अशी मनातून मी विनवणी करत होतो. शेवटी खांदे राहिले. डावा खांदा पाऊण इंच खाली होता. त्याने तो लपवायची काही तजवीज केली नव्हती.

आणि माझ्या बायकोचं डोकं त्या खांद्यावर होतं. बरोबर मावलं होतं. खांदा सरळ असता तर तिला मान वाकडी करावी लागली असती, त्या पाऊण इंचाने तिला आरामात टेकता येत होतं. सव्वीस वर्षं मी तिथे कापूस आणि कॅनव्हास भरून ठेवला होता. मला काय झालं ते सांगायला माझ्याकडे एकच शब्द आहे, मला हेवा वाटला. भीती नंतर वाटली.

तो ऐकत होता. त्याचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरत होता, आणि तो ताल बरोबर होता, एवढं मलाही कळलं. मग तो हात थांबला. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं की माणूस करतो तसा त्याने तो सावकाश मानेवर ठेवला. मान वळायला लागली. आधी कान दिसला, मग गालाची कड.

मी खाली बसलो. काच माझ्या डोक्याच्या वर होती. पुढे बघायची माझी छाती झाली नाही. चौदा पायऱ्या मी ओणव्यानेच चढलो.

६

आठवडाभर मी स्वतःची समजूत घातली. काच जाड, उजेड मंद, डोक्यात संशय. बायकोला आडून आडून विचारलं तर ती म्हणाली, "अहो, असं काय विचारता?" आणि हसली. त्या हसण्यात चोरी नव्हती. चोरी असती तर मला सोपं गेलं असतं.

मग मी ठरवलं, खुर्ची माझी, बिल्ला माझा, बायको माझी. जो आधी पोचेल त्याची जागा. रविवारी तीन वाजताच मी क्लबात हजर झालो. काका झाडू मारत होते. त्यांच्यासमोर मी एकोणीस नंबर पितळी केला, आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. रिकाम्या तळघरात भिंतीतल्या नळातून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. फोटोतले पुसलेले चेहरे चहूबाजूंनी माझ्याकडे तोंड करून होते. मी कोट काढला नाही.

हळूहळू माणसं आली. ओळखीच्या नसलेल्यांनीही मला हसून मान लववली, एका म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला. चारला पाच मिनिटं असताना बायको आली. मला बघून ती दोन पावलं अलीकडेच थांबली. मग येऊन अठरा नंबरवर बसली, ताठ, हात मांडीवर.

"आज तुम्ही," ती म्हणाली.

"का, मी नको?"

"तसं नाही."

वादन सुरू झालं. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी ती बसली होती. मी तिच्याकडे बघत होतो. तिची बोटं हलत नव्हती. रुमालाची गाठ तिने सोडलीच नाही. पहिला तुकडा संपला, टाळ्या झाल्या, आणि टाळ्यांच्या आवाजात मी तिला विचारलं, की दर रविवारी या खुर्चीवर कोण बसतं ते आज मला सांग.

"तुम्हीच तर त्यांना इथे टाकून गेलात," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मध्येच उठून. मग मी काय करायचं होतं? एकटं बसू द्यायचं?"

"तो कोण आहे?"

"हळू बोला." मग स्टेजकडे बघत, "ते माझ्याकडे टक लावून बसत नाहीत. वाजतंय ते ऐकतात. मलाही ऐकू देतात."

दुसरा तुकडा सुरू झाला आणि तिने मान मागे वळवली. क्लबात वादन चालू असताना मागे बघत नाहीत. तरी तिने बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मीही वळलो.

दाराच्या गोल काचेवर वाफ धरली होती. पलीकडून कुणीतरी अगदी जवळ उभं होतं आणि श्वास काचेवर येत होता. वाफ मोठी व्हायची, आटायची, परत मोठी व्हायची. मध्ये क्षणभर काच स्वच्छ झाली तेव्हा एक डोळा दिसला. तो स्टेजकडे बघत नव्हता. तो आम्हा दोघांकडेही बघत नव्हता. तो फक्त माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेतला जळफळाट मला अनोळखी नव्हता.

मी जागचा हललो नाही. दीड तास मी ती खुर्ची धरून बसलो. सगळं संपल्यावर बायकोच्या मागोमाग बाहेर आलो, बिल्ला काळा केला. बाकावर कुणी नव्हतं. काका म्हणाले, बराच वेळ उभे होते, आत्ताच गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही. त्या थंडीतल्या रात्रीनंतर तो त्या दाराच्या बाहेर कधी एकटा गेला नसेल, हे मात्र घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

७

त्यानंतर मी तिच्याशी तह केला. तोंडाने नाही, मनातल्या मनात. सहा दिवस माझे, एक रविवार त्याचा. तुम्ही म्हणाल, हा कसला नवरा. पण दाताच्या डॉक्टरकडे बसलेली ती बाई मी शेजारून दीड तास पाहिली होती. तशी बायको मला नको होती. ती जायची, मी घरी बसून गोळ्या मोजायचो, ती हसत घरी यायची. हेवा वाटायचा, पण ती घरी यायची.

गेल्या रविवारी तिला अर्धा तास उशीर झाला. आल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि साडीची निरी उगाच दुमडत राहिली.

"कोपऱ्यापर्यंत आले होते सोडायला," ती म्हणाली.

मी विचारलं, त्याला काय हवंय.

"तुमच्याबद्दल विचारत होते. सकाळी आधी कोण उठतं. चहा कोण करतं. खिडकीतून काय दिसतं. दुकानातून तुमच्या मशीनचा आवाज मला वर ऐकू येतो का." तिने निरी सोडली. "त्यांच्या वाट्याला एकच दुपार येते ना. त्यांना तुमचा हेवा वाटतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, यांना विचारून सांगते."

आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी उत्तर देईन याची ती खरोखर वाट बघत होती. तिला आम्हा दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. खिडकीपाशी जाऊन कोपऱ्यावर कोण उभं आहे तेही बघितलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला माहीत होतं. आधी जाऊन जागा धरली असती.

म्हणून सोमवारपासून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. दुकानात उतरलो नाही. दाराला आतून कडी, खुर्ची दाराकडे तोंड करून. बायकोला सांगितलं, पाठ धरलीये. ती शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, कोट काढा म्हणाली. मी काढला नाही. सोमवारी खाली गिऱ्हाइकं येऊन दार वाजवून गेली. मंगळवारीही तेच.

आज सकाळी खाली मशीन सुरू झालं.

दुकानाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते. ती तिथे नव्हती. बायको कणीक मळत होती. मी तिच्याकडे बघितलं, ती म्हणाली, "लोकांचे कोट अडलेत हो. तुम्ही पडून राहा." मी उठलो, कडीला हात घातला आणि तसाच थांबलो. खाली गेलो असतो तर घर रिकामं पडलं असतं.

माझ्याच मशीनचा आवाज वरून कसा येतो ते मला कधी माहीत नव्हतं. मी जमिनीवर बसलो, मग आडवा झालो आणि फरशीला कान लावला. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी इतक्या एकाग्रतेने ऐकत होतो. चाक लयीत फिरत होतं. बाहीच्या वळणाला जरा सावकाश, सरळ शिवणीला वेगात, मध्ये कात्रीपुरता थांबा. एकदाही दोरा तुटला नाही. मेहुणीचा आवाज आला, ती नवऱ्याची कधीची पडून राहिलेली पँट न्यायला आली होती. ती म्हणाली, आता बरं वाटतंय ना भाऊजी. कुणीतरी हसून उत्तर दिलं. तो हसतो तेव्हा लोकही हसतात, हे मला ऐकू आलं.

मशीन थांबलं तसं बायकोने हात धुतले. आधण ठेवलं. मी फरशीवरून तिच्याकडे बघत होतो, तिने माझ्या अंगावरून वाकून कडी काढली.

ती दोन कप चहा घेऊन खाली गेली, त्याला आता पाऊण तास झाला.